जुनी करून मिळेल

बँडमध्ये त्याला सगळे खर्ज म्हणत. बेस गिटारच्या चार जाड तारा छेडत गाण्याच्या तळाशी बसणारा माणूस. तो वाजवतोय हे कुणाच्या लक्षात येत नसे. थांबला की मात्र गाणं लंगडायचं. निम्मी हयात त्याने एकाच गिटारवर काढली होती. मोतिया रंगाची. वाजवून झालं की जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायची, तारांखालची धूळ ब्रशने काढायची, मगच पेटीत ठेवायची. पट्ट्याचं बक्कल घासू नये म्हणून वाजवताना तो पोटाला मऊ फडकं बांधायचा.

"खर्जदादा, पोट सुटू नये म्हणून का?" ड्रमवाला विचारायचा.

"तुझं तोंड सुटलंय, त्याला आधी काहीतरी बांध."

तर गिटार अशी दिसायची, की कालच दुकानातून आणली असावी. हाच त्याचा गुन्हा ठरला.

भाच्याला बोट धरून त्यानेच बँडमध्ये आणलं होतं. आता बँड भाच्याचा होता, आणि भाच्याच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं होतं. जुनी गाणी, जुना काळ, स्टेजवर सगळं जुनं. ड्रमच्या कड्यांना मिठाचं पाणी मारून गंज आणला होता. नवीन जाकिटं शिवून घेऊन ती ब्लीचच्या पाण्यात बुडवून विटवली होती. चांगल्या कपड्यांची अशी माती करायची आणि वर तिकीट लावायचं.

"मामा, तुमची गिटार नवी दिसते."

"माझ्या लग्नाआधीची आहे रे ती."

"असेल हो. दिसत नाही ना. लोक दिसण्याचं तिकीट काढतात."

"मग मी पोक काढून उभा राहतो."

"तुमची काळजी नाही. तुम्ही दिसता जुने." भाचा हसलाही नाही. "तेवढी जुनी करून आणा. नाहीतर शनिवारी त्या दुसऱ्या पोराला बोलवावं लागेल. त्याच्याकडे तशी आहे."

त्या पोराला धड वाजवता येत नव्हतं, पण त्याची गिटार चार लढायांवरून आल्यासारखी दिसायची. विकत घेतानाच तशी होती.

घरी बायको म्हणाली, "जुनी वस्तू जुनी करायला न्यायची? त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय का?"

"काय करू? आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात राहिलेत किती तुमचे?" मग ती म्हणाली, "बँड सुटला तर घरात बसून काय कराल?"

खर्ज वाजवणाऱ्याला एकट्याने वाजवून काय करायचंय? वर गाणारं कुणी असलं तर तळाला अर्थ. तो गिटार घेऊन निघाला.

गॅरेजच्या मागे एक पत्र्याची शेड होती. तिच्यावर पाटी: जुनी करून मिळेल. आतल्या माणसाचं खरं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं, लोक त्याला जुनेकर म्हणत. आत दोरीला गिटारींची धडं टांगलेली, खाटकाच्या दुकानात असतात तशी. कुणाचं पोट खरवडलेलं, कुणाची कड ठेचलेली. टेबलावर सायकलची साखळी, किल्ल्यांचा जुडगा, आणि पातेल्यात शिळ्या चहाचा काळा अर्क, त्यात दाढीचा ब्रश. कोपऱ्यात फ्रीज. गिटार आधी त्यात गारठवायची, मग तिच्यावर गरम हवा सोडायची, म्हणजे पॉलिशला भेगा पडतात. जळक्या रंगाचा आणि आंबलेल्या चहाचा मिळून असा वास येत होता, की खर्जाने नाकाला रुमाल लावला.

"कुठल्या काळातली करू?" जुनेकरने विचारलं.

"ज्या काळातली आहे त्याच काळातली."

"तसं नाही चालत. बघणाऱ्याला कळायला पाहिजे. इथे सिगारेटचा चटका देऊ?"

"मी ओढत नाही."

"तुम्ही नका ओढू. गिटारने ओढलेली चालते."

खर्जाने एकच अट घातली. "पुढून काय वाट लावायची ती लाव. मानेच्या मागच्या बाजूला हात लावायचा नाही."

गिटारच्या मानेमागे, जिथे डाव्या हाताचा अंगठा टेकतो, तिथलं पॉलिश झिजून गेलं होतं. नुसतं पॉलिश नाही, लाकूडसुद्धा. इतकी उथळ खळगी, की डोळ्याला दिसायची नाही. अंगठा तिच्यात बसला की हाताला आपोआप कळायचं आपण कुठे आहोत. मग दिवे गेले तरी हरकत नव्हती. पुसून पुसून सगळी गिटार त्याने नवी ठेवली होती, पण तेवढ्या जागेपुढे त्याचाही इलाज चालला नव्हता.

"बरं," जुनेकर म्हणाला. भिकाऱ्याला 'पुढे जा' म्हणावं तसं. आणि किल्ल्यांचा जुडगा उचलून त्याने मोतिया अंगावर आपटला. खर्ज बाहेर पडला.

गुरुवारी गिटार तयार होती. काम सफाईदार होतं, हीच त्यातली किळस. ज्या कडेला कधी बक्कल लागलं नव्हतं तिथे बक्कलाचे ओरखडे. जो हात कधी घासला नव्हता त्या हाताने घासल्यासारखा उडवलेला रंग, अगदी लाकडापर्यंत. सिगारेटचा डागसुद्धा दिलाच होता. त्याने गिटार उलटी केली. मान या टोकापासून त्या टोकापर्यंत तासून, चहाने तपकिरी करून ठेवली होती. गुळगुळीत. सपाट.

"मानेला हात लावलास?"

"लावावाच लागला. मध्येच खड्डा होता, पॉलिश तेवढ्यापुरतंच उडालेलं. बाकी सगळी जुनी झाली आणि तेवढी एकच जागा खोटी वाटायला लागली." जुनेकर खुशीत होता. "सरळ करून टाकली. त्याचं वेगळं काही घेत नाही."

खर्जाच्या तोंडात शिवी आली. पण शिवी द्यायलासुद्धा समोर माणूस लागतो. इथे नुसता सँडपेपर उभा होता.

तालमीच्या खोलीत त्याने गिटारला वायर जोडली. आवाज तोच होता. अंगठा मात्र मानेवर फिरत राहिला, परक्याच्या घरात अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा. साध्या गाण्यात तो दोनदा चुकला. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे गिटारकडे बघत होते.

"अप्रतिम," भाचा फोटो काढत म्हणाला. "मामा, कुणी विचारलं तर सांगायचं, बोटीवर वाजवायचो, वादळात हातातून पडली."

"मी बोटीत पाय ठेवलेला नाही. मला बससुद्धा लागते."

"लोकांना काय माहीत?"

ड्रमवाल्याने त्या चटक्यावरून हळूच बोट फिरवलं, जखमेवरून फिरवावं तसं. "काय काय भोगलंय हिने," तो म्हणाला. चेष्टेने नाही. भोळ्या भक्तिभावाने. पोटाच्या फडक्याला इतकी वर्षं हसलेला माणूस, ओरखडे किल्ल्यांचे आहेत हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी त्याचे डोळे पाणावले होते.

तिथे खर्जाला कळलं की इथे आता आपलं काम उरलेलं नाही. त्याने पट्टा डोक्यावरून काढला आणि गिटार भाच्याच्या गळ्यात अडकवली.

"शनिवारी त्या पोराला बोलाव."

"अहो मामा, आता झाली की जुनी."

"झाली ना? तुला जुनी गिटार हवी होती, घे. त्याच्या गळ्यात घाल, छान दिसेल."

"आणि तुम्ही?"

"नवी घेतो. चकचकीत. लग्नात वाजवतात त्या पोरांना कुणी तरी लागतंच खालचा सूर धरायला. त्यांच्या मागे उभा राहतो."

"या वयात? नव्याला हात बसायला किती वर्षं जातील?"

"जातील तेवढी जातील."

भाचा गिटारसकट दारापर्यंत आला. "आईला काय सांगू?"

"ताईला सांग, मामाला ओकारी आली म्हणून गेला."

आणि ते खोटं ठरलं नाही. जिना उतरून तो गटाराच्या कडेला वाकला, एका हाताने भिंत धरून. आंबट पाण्याशिवाय काही पडलं नाही. वरच्या खिडकीतून तालीम पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं. तळ नसलेलं गाणं, नुसतं वरवरचं, डब्यात खडे वाजावेत तसं. तो संपेपर्यंत ऐकत थांबला नाही. तोंड पुसलं आणि वाद्यांच्या दुकानाचा रस्ता धरला.