हरिसाच्या डब्यातल्या दोन कुप्या

मब्रूकाला अनुदान मिळालं ही बातमी मला खाटकाने सांगितली. "तुमच्या चुलतबहिणीने अख्खं कोकरू सांगितलंय," तो म्हणाला. "राजधानीतली माणसं जेवायला येणारेत म्हणे. तुम्हाला आमंत्रण असेलच." मी मान हलवली आणि पाव किलो मांस घेऊन घरी आलो. आमंत्रण दुसऱ्या दिवशी आलं, पण ते खाटकाच्या आधी यायला हवं होतं.

आधीच सांगून टाकतो, माझ्या पोटात दुखत होतं. बिर अतीकच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं नर्स आहे. मब्रूका वीस किलोमीटरवर रास नखलाला, फक्त नऊ वर्षं. त्याआधी वर्षभर ती माझ्या हाताखाली होती, शीर कशी शोधायची ते मी तिला शिकवलं. गावोगावच्या दवाखान्यांनी फोनवर, कॉम्प्युटरवर आरोग्याची माहिती गोळा करावी म्हणून राजधानीतली एक संस्था छोटी अनुदानं देते. चार वर्षांपूर्वी मीही मागितलं होतं. अकरा पानांचा अर्ज भरला, उत्तर दोन ओळींचं आलं. मग एके दिवशी ही बया येते, "दादा, तुझी विंचवांची वही दोन दिवस देतोस?" म्हणते, आणि मी मूर्खासारखा देतो.

त्या वहीत सव्वीस उन्हाळे आहेत. कोणाला कुठे चावला, किती वाजता, किती कुप्या लागल्या. त्यातून हिने रंगीत नकाशा केला आणि सहा हजार दिनार मिळवले. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! तिचा अर्ज मी दोनदा वाचला. माझं नाव कुठेही नव्हतं.

योजना साधी होती. आपल्या फ्रिजमध्ये विंचवाच्या औषधाच्या किती कुप्या आहेत, ते पाच दवाखान्यांतल्या नर्सने रोज सकाळी फोनवरून कळवायचं. कोणाला विंचू चावला तर घरच्यांनी एका नंबरवर संदेश टाकायचा, मब्रूकाने कॉम्प्युटरवर बघून जवळ कुठे औषध आहे ते सांगायचं. पोराला मांडीवर घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात वणवण नको. कल्पना चांगली होती. वाईट असती तर मला इतकी झोंबली नसती.

पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट तिच्या अर्जात नव्हती. खरा आकडा आम्ही कोणीच सांगत नाही. चार आहेत म्हणालं की दुपारपर्यंत शेजारच्या दवाखान्याची मोटरसायकल दारात. "दोन उसन्या दे, गुरुवारी आणून देतो." कुठला गुरुवार ते अल्लाला ठाऊक. म्हणून नर्सने दोन कुप्या हातच्या राखायच्या आणि संपल्या म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला हे मी पहिल्या आठवड्यातच सांगतो. माझ्या दोन कुप्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, हरिसाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीच्या, रिकाम्या डब्यात असतात. तिखटाच्या डब्याला कोण हात लावतंय?

त्या कोकराच्या जेवणात मब्रूका माझ्याशेजारी येऊन बसली होती. "दादा, यात काही राहून गेलंय का? तू सांगशील ते खरं."

मी बरगडी चघळत होतो. "छे गं. सगळं छान आहे."

आणि जूनपासून मी रोज शून्य कळवू लागलो. नुसत्या सवयीने नाही. तो कॉम्प्युटर एकदा पाहुण्यांसमोर तोंडघशी पडलेला मला बघायचा होता.

तो दिवस जुलैच्या अखेरीस आला. काम कसं चाललंय ते बघायला संस्थेची दोन माणसं मब्रूकाच्या दवाखान्यात बसली होती. अकराला तिचा फोन आला. "दादा, काल दोघांना चावला, माझ्याकडचं सगळं संपलं. पाचही ठिकाणी शून्य दिसतंय. तुझ्याकडे खरंच नाही?"

"शून्य म्हणजे शून्य."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी पुदिना घालून चहा केला आणि साखर जास्त टाकली.

साडेबाराला दारात मिस्बाहची पिकअप थांबली. रास नखलाच्या पलीकडे त्याची खजुराची बाग आहे. तो मुलीला हातांवर घेऊन आत आला. हदिया, सहा वर्षांची. वीट उचलताना बोटाला चावला होता. अंग घामाने गार, तोंडातून लाळ, दोनदा ओकली होती.

"संपलंय," मी म्हणालो. सवयीने जीभ आधी चालते. "जिल्ह्याला ने."

जिल्ह्याचं रुग्णालय तासाभरावर. मिस्बाह भांडला नाही, रडला नाही. मुलीला माझ्यासमोर धरून फ्रिजकडे बघत उभा राहिला. आणि त्या पोरीचे डोळे माझ्याकडे लागलेले असताना माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायची लाज वाटते. डबा उघडला तर मी दोन महिने खोटं बोललो हे उघड होईल. मब्रूका जिंकेल. अर्धं मिनिट मी हा विचार केला. ते माझ्या वहीत नाही, पण मला पाठ आहे.

मग मी फ्रिज उघडला. जिल्ह्याच्या डॉक्टरला फोनवर विचारून दोन्ही कुप्या दिल्या आणि अॅम्ब्युलन्स मागवली. ती येईपर्यंत हदियाचा श्वास जागेवर आला, आणि टोचलेल्या हाताकडे बघून तिने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मिस्बाहने डोळे पुसले. "मब्रूकाताईने सांगितलंच होतं."

"काय सांगितलं होतं?"

त्याने फोन पुढे केला. तिचा संदेश होता: 'बिर अतीकला जा. लझहरदादा आधी नाही म्हणेल. भांडू नकोस, हदियाला त्याच्यासमोर धर. फ्रिजमध्ये वर, हरिसाच्या डब्यात दोन आहेत.'

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ही माझ्या फ्रिजच्या आत बसली होती!

संध्याकाळी पाहुण्यांना वाटेला लावून ती स्वतः आली, काखेत कॉम्प्युटर. मी तिला तोंड उघडायची संधीच दिली नाही. "माझ्यावर पाळत ठेवतेस? सांगितलंस ना त्यांना, म्हातारा चोर आहे म्हणून?"

"दादा, पहिल्या आठवड्यात मला कोणी शिकवलं होतं? नर्सने दोन हातच्या राखाव्यात? तिखटाच्या डब्यात?"

"मग मला विचारलंस कशाला, काही राहिलंय का म्हणून?"

"तू स्वतः सांगावंस म्हणून." आता तिचाही आवाज चढला. "तुला चार वर्षांपूर्वी मिळालं नाही, हे काय मी केलं? रोज सकाळी शून्य पाठवताना तुला काय गोड लागत होतं रे?"

तिने कॉम्प्युटर उघडून माझ्यापुढे सरकवला. पाच दवाखाने, एकाखाली एक. पहिला रकाना 'कळवलेल्या कुप्या', त्यात खाली सगळी शून्यं. शेजारी दुसरा रकाना, फक्त तिच्याच कॉम्प्युटरवर दिसणारा. त्यात दोन, तीन, दोन, असे तिच्या अंदाजाचे आकडे. आणि वर मथळा होता: 'लझहर'.

"पाहुण्यांनी विचारलं, हे काय?" ती म्हणाली. "मी सांगितलं, लपवून राखलेल्या साठ्याला आमच्याकडे असं म्हणतात. त्यांनी लिहून घेतलं."

म्हणजे अर्जात शोधून न सापडलेलं माझं नाव इथे होतं. मला हसावं की कॉम्प्युटर भिरकावावा ते कळेना.

"आता तुझ्यापुढे किती लिहू?" तिने विचारलं.

"शून्य. दोन्ही दिल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि 'लझहर'खाली एक लिहिला.

मला तिचा असा संताप आला म्हणता! मी तावातावाने उठलो, फ्रिज उघडला, खालच्या कप्प्यातला यीस्टचा डबा काढला आणि त्यातली शेवटची कुपी तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"पहिल्या रकान्यात लिही," मी म्हणालो.

तिने एक पहिल्या रकान्यात नेला. माझ्या नावाखाली शून्य राहिलं, आणि माझं पहिलं खरं शून्य ते होतं.