देवीचे सात कोंबडे

सातव्या कोंबड्याच्या डोक्याला कुंकू लावताना श्रीपाद मास्तरांचा अंगठा जरा जास्तच दाबला गेला आणि कोंबड्याने त्यांना चोच मारली. पहिले सहा निमूट बसले होते. मास्तरांनी अंगठा तोंडात घातला, इकडेतिकडे पाहिलं आणि टोपली आडवी केली. रविवारची भर दुपार. बाळकुमच्या गावदेवीच्या मागे माणूस काय, कुत्रंही नव्हतं. पांढरेशुभ्र विलायती कोंबडे एकेक करून बाहेर आले, पंख झाडले आणि माती उकरू लागले. मास्तरांनी देवीला हात जोडले. कोणी पाहिलंच तर जोडलेले असावेत, एवढ्यापुरतेच. मग रिकामी टोपली सायकलला बांधून ते घरी, कोपरीच्या वाटेला लागले.

हाच माणूस वर्गात पोरांना सांगायचा की नवससायास म्हणजे सगळं थोतांड.

तसं पाहिलं तर सगळं त्यांच्या मुलीच्या, चित्राच्या दुखण्यापासून सुरू झालं. गेल्या श्रावणात पोरीला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण चौदा वर्षांची मुलगी भिंत धरून चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, रोज एक ताजं अंडं दुधात फेटून द्या. या घरात अंडं? तिच्या आईने, वासंतीबाईंनी, तीन दिवस डोळ्यांना पदर लावला आणि चौथ्या दिवशी मागच्या पडवीत एक वेगळा पेला आणून ठेवला. बाजारातली अंडी निम्मी नासकी निघायची. मास्तर पडले पुस्तकी माणूस. त्यांनी सरकारी पुस्तिका मिळवली, सरकारी केंद्रातून उबवायची बारा अंडी आणली. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या ठमाबाईने बाळकुमहून एक खुडूक कोंबडी आणून दिली, ती अंड्यांवर बसवली. अकरा पिल्लं निघाली. आळीत कौतुक झालं, मास्तरांची छाती फुगली.

तीन महिन्यांनी तुरे लाल झाले तेव्हा कळलं की माद्या चार आणि नर सात.

पुस्तिकेत एकच वाक्य होतं, 'नको असलेले नर वेळीच कमी करावेत.' कमी करावेत म्हणजे नेमकं काय करावं, ते सरकारने लिहिलं नव्हतं. कोंबडे दाणे खात, माद्यांना टोचत आणि पहाटे सातजण मिळून अशी बांग देत की शेजारचे बोलणंच टाकायच्या बेताला आले. मास्तर दोनदा खाटकाच्या दुकानापर्यंत गेले. पहिल्या वेळी वर्गातले दोन विद्यार्थी समोर उभे, दुसऱ्या वेळी कोणीच नव्हतं तरी पाय उचलेना. दोन्ही वेळा कोथिंबीर घेऊन परत आले. स्वतः सुरी धरायचा तर प्रश्नच नव्हता.

"काय करायचं ते करा," वासंतीबाई म्हणाल्या. "मला सांगू नका म्हणजे झालं."

तेव्हा त्यांना ठमाबाईचं बोलणं आठवलं. भाजी निवडून देताना ती गावच्या गोष्टी सांगायची. कोणाचं माणूस आजारी पडलं की तिच्या गावात देवीच्या नावाने कोंबडा सोडतात. कुंकू लावलेल्या त्या कोंबड्याला कोणी हात लावत नाही, हाकलतही नाही. मास्तरांना वाटलं, झकास. कोंबडे जगतील आणि आपल्या माथी पाप नाही. सापही मरतो आणि काठीही तुटत नाही. घरी येऊन त्यांनी हात धुतले, वासंतीबाईंनी काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी आळीने शांत झोप घेतली.

पुढचे तीन आठवडे ठमाबाई आलीच नाही. आली तेव्हा डोक्यावरच्या पाटीत मेथीच्या चारच जुड्या होत्या.

"एवढीच?" मास्तरांनी विचारलं.

"एवरीच वाचली," पाटी उतरवत ती म्हणाली. "आमचा वाफा देवीच्या मागंच हाय नं. कोंबरं सोरलीत तिथं, सात. मेथी खाल्ली, माठाचं रोप तर उगवलं तसं टोचून टाकलं."

मास्तरांनी एक जुडी उचलली आणि तिची मुळं झाडत बसले.

"मग हाकलायचे की."

"देवीचे हाकलायचे? असं बोलू नये, मास्तर." ती कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आनि मी कशी हाकलीन? कोपरीपासून बाळकुमपर्यंत पांढरी कोंबरी तुमच्याच घरी हायत. बघितली तशी वलखली. मी आमच्या मानसाला म्हटलं, पोरीसाठी नवस केलाय मास्तरांनी. शिकलेला मानूस, बोलायला लाजला आसंल. सातजन सोरले म्हंजे जीव किती तुटला आसंल बापाचा."

मास्तरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दारात चित्रा दिसली. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बाबा, माझ्यासाठी?"

"आत जा तू. वारं लागेल," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी चित्राने अंड्याचा पेला नाक न धरता संपवला. रोज त्या पेल्यावरून रडारड व्हायची. तिने आईलाही सांगितलं असावं, कारण वासंतीबाईंनी मास्तरांच्या ताटात न मागता आणखी तूप वाढलं. मास्तरांनी तो घास ताटाच्या कडेला सारला. खोटं ते एकदाही बोलले नव्हते, आणि तरी घरभर त्यांचंच खोटं नांदत होतं. आरशासमोर टोपी घालताना त्यांना स्वतःकडे बघवेना. शाळेत एका पोराने गृहपाठ घरी विसरल्याची थाप मारली, तर मास्तरांनी त्याला न रागावता खाली बसवलं. आठवडाभर हे असंच चाललं. रविवारी सकाळी त्यांनी सायकल काढली. जाऊन खरं काय ते सांगायचं, कोंबडे घेऊन यायचे, मग पुढचं पुढे.

ठमाबाईच्या अंगणात तिचा नवरा गुणाजी विळ्याला धार लावत होता. मास्तरांना पाहून तो उठला, घोंगडी झटकून अंथरली, पाणी आणलं. इतक्या आदराने आजवर तो त्यांच्याशी वागला नव्हता.

"कोंबरं बघायला आलात नं?" ठमाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "या, हितं परसात हायत. रातच्याला पाटीखाली झाकतो, कोल्ह्याचं भ्याव हाय. दानं आमीच घालतो, तवा वाफ्यात कमी जातात."

परसात कोंबडे होते. अंगाने भरले होते. मास्तरांनी मोजले नव्हते, पण ते बघत होते तिकडे बघून ठमाबाईच म्हणाली, "सात पुरे हायत. एक मुंगसानं नेला परवा. मना लय घोर लागला. नवस अधुरा राहिला आनि पोरीचं दुखनं उलटलं तं? म्हनून आमचा घरचा घातला त्यात."

सहा पांढऱ्यांमध्ये एक तांबूस गावठी कोंबडा दाणे टिपत होता. चांगला मोठा, दोन वर्षांचा तरी असेल. त्याच्याही डोक्याला कुंकू होतं.

मास्तर ओट्यावर बसले. वाटेत जुळवून आणलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. काही न बोलता आभार मानून उठून जाता आलं असतं, आणि एक क्षण तसं करावंसं वाटलंही. त्याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

"ठमाबाई, नवस नव्हता."

"मंग?"

"नर होते. अंडी देत नाहीत, म्हणून नको होते. मारायची छाती नव्हती, खाटकाकडे जायची लाज वाटली. सोडलेल्याला कोणी हात लावत नाही असं तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून इथे आणून टाकले."

गुणाजीचा विळा दगडावर थांबला. ठमाबाई वाफ्याकडे बघत होती. तिथे नुसती उकरलेली माती होती.

"मंग मी रोज देवीला चित्राताईचं नाव घेऊन सांगत होते," ती हळू म्हणाली, "ते काय?"

  गुणाजीने विळ्याची धार अंगठ्याने पाहिली.

"देवीचे नाहीत तं कापाया हरकत नाय. सहा हायत. तुमी जा मास्तर घरी, तुमाला बघवनार नाय. मी करतो."

मास्तर उठले. त्यांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली आणि बाह्या वर केल्या.

"मी धरतो," ते म्हणाले.

गुणाजीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पहिला पांढरा कोंबडा पकडून पाय त्यांच्या हातात दिले आणि पंख कसे दाबायचे ते दाखवलं. पाय गरम होते. कोंबड्याच्या छातीतली धडधड थेट मास्तरांच्या मनगटापर्यंत येत होती. ठमाबाईने आपला तांबूस कोंबडा उचलून काखेत घेतला आणि ती देवळाकडे चालू लागली.

"ठमाबाई," मास्तर म्हणाले, "देवीला सांगा, सगळं खोटं होतं म्हणून."

ती थांबली, पण वळली नाही.

"तुमचं काय ते तुमी सांगा. पोरीसाठी मी जे मागितलं ते मी मागारी घेनार नाय."

ती गेली. गुणाजी विळा घेऊन समोर बसला. मास्तरांचे डोळे भरून आले, पण दोन्ही हात गुंतलेले होते, पुसायची सोय नव्हती.

"घट धरा," गुणाजी म्हणाला.