पोटातलं शिसं

मित्रांनो, मी दोन किलोचं जुनं लोखंडी वजन आहे, आणि माझी निम्मी हयात खोटं बोलण्यात गेली. मला घडवलं तेव्हा तळाच्या खळग्यात शिसं ओतून वर सरकारी शिक्का मारला होता. काय तोरा होता माझा! मग धुळ्याच्या बाजारात भरताची वांगी विकणाऱ्या रुपचंदभाऊनं मला घेतलं आणि एका दुपारी ते शिसं कोरून काढलं. शंभर ग्रॅम गेले. वरून मात्र मी तस्संच. दहा वर्षं आम्ही दोघांनी मिळून काटा मारला.

मागच्या नाताळात रुपचंदभाऊनं बाप्तिस्मा घेतला. दारू सुटली, बायको ताईबाई हसायला लागली. त्यानं हातगाडीवर काळा क्रूस रंगवला आणि उरलेल्या रंगाचा हात माझ्यावरही फिरवला. मला वाटलं, झालं, आता आपला खोटा धंदा संपला. कसचं काय! सकाळी हात माझ्याकडेच आला.

एका शनिवारी यशोदाबाई आली. म्हातारी दहा वर्षांचं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी रुपचंदभाऊ चर्चमधल्या रविवारच्या शाळेत मुलांना साक्ष देणार होता, येशूनं आपल्याला कसं बदललं याची.

"दोन किलो दे," ती म्हणाली. "तू आते देवना माणूस शे. मी काटाकडे देखत नही."

आणि तिनं खरंच तोंड फिरवलं.

त्याचा घामेजलेला हात माझ्यावर थांबला. मी घाबरलं. पितळ उघडं पडलं तर मी भंगारात जाणार आणि लोक त्याची गाडी उलथवणार. मला वाटत होतं, ठेव बाबा पारड्यात, एकदाच.

त्यानं मला उलटं केलं. "अक्का, हाई वजन खोटं शे."

शेजारच्या गाडीवरचा रतिलाल पुढे आला. "नाताळनंतरही हेच?"

"नाताळनंतरही."

दोन गिऱ्हाइकं शिव्या देत निघून गेली. रुपचंदभाऊ मान खाली घालून उभा राहिला. यशोदाबाईनं माझ्या खळग्यात बोट घालून पाहिलं, मग पिशवी अंथरून खाली बसली.

"आते खरं वजन लई ये. मी आठेच बठेल शे."

रतिलालनं आपलं खरं वजन आणून दिलं.

रविवारी मी रिकाम्या पोटानं मुलांच्या हातांतून फिरलं. रुपचंदभाऊ म्हणाला, "येशूनं क्षमा फुकट दिली. मी मात्र वरून रंग लावून घेतला आणि आत त्याला येऊ दिलं नाही. काल येऊ दिलं." बोलताना तो रडला.

पुढे दुरुस्तीवाल्यानं माझ्यात नवं शिसं ओतलं, नवा शिक्का बसला. मित्रांनो, माझं पोट मला भरता येत नव्हतं, कुणीतरी ओतावं लागलं. पण आधी उलटं व्हावं लागलं, तेही चारचौघांत. तुम्हीही नुसत्या रंगावर राहू नका.

यशोदाबाई अजून येते. वांगी घेण्याआधी मला उचलून तळ बघते. बघू दे. आत शिसं आहे.