खिडकीतली बाटली

टाचणीचं पोट दुखू लागलं, की सासरी नणंद नाटकाचे अंक मोजायची. "वहिनींचा यंदाचा चौथा," असं चहा गाळता गाळता सांगायची, आणि सासूबाई तोंड फिरवून हसायच्या. बारीक म्हणून टाचणी हे नाव भावाने ठेवलेलं. मशीनवर बसली की दिवसाला सहा सदरे उतरवणारी बाई. दुखणं मात्र कुणाच्याच मापात बसेना. अपेंडिक्स काढलं, तेही निरोगी निघालं. मग तर नाटकावर शिक्कामोर्तबच झालं.

दुखण्याच्या अकरा वर्षांत विश्वास ठेवला तो एकट्या भावाने. त्याचं औषधांचं दुकान. कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी आधी त्याच्याकडे जायची. एखादं औषध तो "हे तुला नको" म्हणून बाजूला काढायचा. केवढा जीव लावतो, असं ती कौतुकाने सांगत फिरे.

यंदा तो परगावी असताना कळ आली. कुणीतरी दिलेल्या झोपेच्या गोळ्यांनी दुखणं चौपट झालं, हातापायांतलं बळ जाऊन कात्री गळून पडली. रुग्णालयात तिच्या लघवीची बाटली खिडकीत उन्हात राहिली आणि दुपारपर्यंत काळपट लाल झाली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ती ओतून न देता डॉक्टरीणबाईंना दाखवली. पुढची तपासणी झाली.

"रक्ताचा लाल रंग शरीर टप्प्याटप्प्याने घडवतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातलं एक एन्झाइम तुमच्यात निम्मंच आहे. उपाशी राहिलात, चुकीचं औषध घेतलंत, की अर्धवट माल साचतो. याला पोर्फिरिया म्हणतात. नाटक नव्हे. हे रक्ताच्या नात्यात चालत येतं. माहेरी कुणाला आहे?"

"कुणालाच नाही," टाचणीने छातीठोकपणे सांगितलं. मग वर्ज्य औषधांची यादी हातात आली. पहिली चारही भावाने बाजूला काढलेलीच होती.

चालता येऊ लागताच ती दुकानात गेली. भावाने लपवलं नाही. त्या दोघांची आत्या याच आजाराने गेली होती. निदानाचा कागद बाबांनी त्याच्या हाती दिला होता. आधी टाचणीचं लग्न व्हायचं होतं, मग त्याचं; म्हणून गोष्ट दाबून ठेवली.

"मी जपलं ना तुला?"

"चिठ्ठ्या जपल्यास. मला मात्र खोटी ठरू दिलंस."

"आठ दिवस थांब. पोरीचं लग्न एकदा पार पडू दे."

दुकानामागच्या घरात भाची पोट धरून बसली होती. टाचणीने शिवलेल्या लग्नाच्या झग्यात कंबर मावावी म्हणून चार दिवस नीट जेवली नव्हती. टाचणीने तिच्यापुढे ताट ठेवलं, शेजारी यादी ठेवली आणि झग्याची शिवण उसवायला घेतली.

"आधी जेव. मग वाच. तपासणीला मी नेते. होणाऱ्या सासरी काय सांगायचं, ते तू ठरव."

भाचीने यादी वाचली. "बाबांना माहीत होतं?"

टाचणीने झगा खाली ठेवला. दारात उभ्या भावाकडे तिने नुसतं पाहिलं. एवढं एक उत्तर तरी त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचं होतं.