गडबडची गाठ

बाबा म्हणत होते, मधमाशी चावली असेल. आई म्हणत होती, कसली मधमाशी, या असल्या पावसात मधमाशी बाहेर पडेल का, तिला काय आपल्यासारखं पहाटे उठून धारा काढायच्यात? झालं, जुंपली. दोघं दोन गाईंच्या पोटाला डोकं टेकवून बसलेले, एकमेकांची तोंडंसुद्धा दिसत नव्हती, नुसतं बादलीत दूध पडल्याचं चर्र चर्र आणि वरून भांडण. आणि मधल्या वाटेत मी गडबडची मान दोन्ही हातांत धरून बसलेले, कारण गाठ माझ्या हाताला लागली होती. मानेच्या बाजूला, खांद्याच्या जरा पुढे. सुपारीएवढी. दाबली तरी ओरडायची नाही, उलट माझं नाक चाटायची.

"काटा गेला असेल," बाबा म्हणाले.

"आत्ता तर मधमाशी होती!"

"मधमाशी नाहीतर काटा. मी काय डॉक्टर आहे?"

"मग डॉक्टरला दाखवा की! गाईला जरा शिंक आली तर धावत सुटता."

"गाय दूध देते."

"आणि त्या गाई कुरणातून कोण आणतं, ही का तुमचा मेहुणा?"

तर गडबड म्हणजे आमची कुत्री. दीड वर्षाची असेल नसेल. नाव आम्ही ठेवलंच नाही, ते आपोआप पडलं. पिल्लू असताना कुठूनही आली की काहीतरी सांडतच यायची, मग आई ओरडायची, "आली गडबड!" आणि हिला वाटलं आपल्यालाच हाक मारतात, ही शेपूट हलवत पुढे. तेव्हापासून गडबड. पण काम? काय सांगू तुम्हाला! धुकं असं दाट पडतं ना आमच्याकडे की कुरणावर गाय आहे का झुडूप आहे कळत नाही. बाबा फाटकाशी उभे राहून नुसती शीळ घालायचे, आणि ही धुक्यात गायब. मग थोड्या वेळानं एकेक गाय आपली धुक्यातून चालत यायची, रांगेत, शाळेतल्या पोरींसारखी, आणि सगळ्यात मागून ही, जीभ बाहेर, अंगभर चिखल. कोणी शिकवलं नाही. आधीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला वर्षं लागली होती हे जमायला.

तर डॉक्टरीणबाई आल्या त्या एका गाभण गाईला बघायला. त्यांचं काम झाल्यावर मी म्हटलं, बाई, हिची मान जरा बघा ना. त्यांनी बोटं लावली. आधी हसत होत्या, गडबड त्यांचा हातमोजा ओढत होती म्हणून. मग हसायच्या थांबल्या. दुसऱ्या बाजूला हात लावला, जबड्याखाली लावला, परत गाठीवर आल्या.

"किती दिवस झाले?"

"आम्हाला आत्ता कळली. केसांत कोण बघतंय?" आई म्हणाली.

"ही काढायला लागेल. आणि काढून तपासायला पाठवायची."

"तपासायला म्हणजे?" बाबा.

"दादा, मी खोटा धीर देत नाही. कॅन्सर असू शकतो."

शब्द माणसांचा ना तो! दवाखान्यातला, हळू आवाजात बोलायचा. आणि ती समोर हातमोजा तोंडात धरून गोठाभर पळतेय!

"असू शकतो म्हणजे आहे का नाही?" बाबांनी विचारलं.

"तेच तपासल्याशिवाय कळणार नाही."

"अहो पण पोर आहे ती!" आई म्हणाली. "पोरसवदा आहे. म्हातारपणाचा आजार ना तो?"

"लहानपणीही होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मान खाली घालून बॅग आवरायला लागल्या.

बाबा म्हणाले, "जनावर आहे. जनावराचं व्हायचं ते होईल." आणि दुधाचं कॅन उचलून गेले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "दगड आहे हा माणूस." पण ऐका, शस्त्रक्रियेच्या दिवशी तालुक्याला न्यायचं होतं ना तिला, पाऊस कोसळत होता, तर ह्या दगडानं तिला ट्रॅक्टरवर मांडीत घेतलं, स्वतःचा रेनकोट काढून तिच्यावर घातला, आणि आपण भिजत गेला. मी मागे ट्रॉलीत बसलेले, मला सगळं दिसत होतं. एका हातानं स्टिअरिंग आणि दुसरा हात पूर्ण वाटभर तिच्या मानेवर.

गाठ निघाली. सगळीच्या सगळी निघाली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एका बाटलीत औषधाच्या पाण्यात ती गाठ तरंगत होती, पांढरट, आणि मला वाटलं एवढीशी ही, हिच्यासाठी आमची झोप उडाली. आता ती शहरातल्या लॅबला पोचवायची. नेहमी त्यांच्याकडून कुरिअरनं जाते, पण पावसानं रस्ता खचलेला, कुरिअरवाले फिरकत नव्हते. फिरत होती ती एकच गाडी, आमची दूधगाडी, ती लांबच्या वाटेनं वळसा घालून का होईना पण रोज शहरात जायचीच. डॉक्टरीणबाईंनी बाटली बाबांच्या हातात दिली. "झाकण उघडू नका. आडवी करू नका. सकाळी गाडीवाल्याकडे द्या, लॅब त्याच्या वाटेवरच आहे."

बाबा म्हणाले, "काळजी करू नका. नमुने पाठवायची आम्हाला सवय आहे."

आणि खरंच आहे हो! आमच्या दुधाचा नमुना रोज जातो डेअरीत तपासायला. त्याच्यासाठी डीप फ्रीझर आहे आमच्याकडे, बर्फ करायला. बाबांचा सगळा जीव त्या नमुन्यात. दूध कोमट राहिलं की नासतं, नासलं की नमुना फेल. आमच्या घरात पोरं आजारी पडली तर चालतील पण नमुना गार पाहिजे, असं आई म्हणते. तर बाबांनी घरी आल्यावर ती बाटली फडक्यात गुंडाळली आणि फ्रीझरमध्ये अगदी तळाला ठेवली, चारी बाजूंनी बर्फ लावून. सरळ उभी. दुधाच्या नमुन्याला कधी इतकं जपलं नव्हतं. सकाळी स्वतः बाहेर काढली, परत बर्फाच्या डब्यात घातली, आणि दूधगाडीवाल्याच्या हातात दिली. ह्या गाडीवाल्याला आम्ही सगळे घाई म्हणतो, कारण तो दुसरं काही बोलतच नाही.

"घाई आहे दादा, द्या लवकर."

"आज घाई करू नकोस. सीटवर ठेव. आडवी पडली तर याद राख."

"दुधापेक्षा महाग आहे का काय?"

बाबांनी असं काही बघितलं त्याच्याकडे, की घाईनं डबा मांडीवरच घेतला.

मग वाट बघणं. अरे, ते काय सांगू! गडबडच्या गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून काहीतरी घालायचं होतं, तर आईनं फुटक्या बादलीचं बूड कापून तिच्या मानेत अडकवलं. ती बादली घेऊन ही गोठ्यात आली आणि गाई जागच्या जागी उधळल्या. एकीनं दूध चढवलं, सोडेचना, दुसरीनं बाबांना लाथ घातली. एरवी किती हसलो असतो आम्ही! कोणी हसलं नाही. आई तिला गुपचूप अंडी चारायची, मी मोबाईलवर नको ते वाचायचे आणि मग गोठ्यामागे जाऊन रडायचे. अमुक प्रकार असेल तर एवढं जगतात, तमुक असेल तर एवढं. गडबड माझ्याशेजारी बादलीसकट बसायची आणि बादलीची कड माझ्या पायात रुतायची. पाऊस थांबत नव्हता. कुरणाचा राडा झाला होता. गाई आणायला आता मी जायचे, गमबूट चिखलात अडकायचे, गाई माझं ऐकायच्या नाहीत, आणि फाटकाशी ही बांधलेली, शीळ ऐकली की सगळं अंग ताठ करून रडायची.

फोन आला तो धारांच्या वेळेलाच. मी उचलला. डॉक्टरीणबाई होत्या. आवाज पडलेला. म्हटलं, आहे. झालं. आहे.

"लॅबचा फोन होता," त्या म्हणाल्या. "त्यांना काही सांगता येत नाही म्हणतात."

"म्हणजे?"

"नमुना गोठलेला होता. गोठला की आतल्या पेशी फुटतात. काचेखाली काही धड दिसत नाही. कोणी बर्फात ठेवला होता का?"

मी फोन स्पीकरवर टाकला होता. उगाच टाकला. बाबा कॅन धूत होते, नळ चालूच राहिला.

"मग दुसरा तुकडा पाठवा," आई म्हणाली.

"सगळीच पाठवली होती. मागे काही ठेवलं नाही मी. मीच सांगायला हवं होतं, गार करू नका म्हणून. डोक्यातच आलं नाही."

बाबांनी नळ बंद केला. "तुम्ही सांगितलंत, सरळ उभी ठेवा," ते म्हणाले. "मी सरळच ठेवली होती बाई. झाकणाला हात लावला नाही. चांगली राहावी म्हणून..." हाताला साबण तसाच.

मी आईकडे बघितलं. आता ही बोलणार, म्हटलं. माझ्या आईला असली संधी मिळाली तर ती पिढ्या काढते. आई उठली, त्यांच्या हातातलं कॅन काढून घेतलं, आणि स्वतः धुवायला लागली. बस. तेव्हा मला कळलं की हे किती वाईट झालंय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, कोणी बोलावलं नव्हतं. टाके काढले. बाबा लांब उभे.

"मग आता कधीच कळणार नाही का?" मी विचारलं.

"परत आली तर कळेल. तिथंच, नाहीतर दुसरीकडे. नाही आली, तर नव्हतं असं समजायचं."

"किती दिवस?"

"तसे दिवस नाही सांगता येत गं."

"म्हणजे आम्ही आता रोज भीतच बसायचं?" आई म्हणाली.

तेवढ्यात बाबा पुढे आले. "कुठं कुठं येते ती गाठ? दाखवा."

त्यांनी दाखवलं. जबड्याखाली, खांद्यापुढे, काखेत, जांघेत, मागच्या गुडघ्याच्या पाठी. बाबा म्हणाले, "असं नको. माझं बोट धरून दाखवा." मग डॉक्टरीणबाईंनी बाबांची ती जाड, चिरा पडलेली बोटं धरली आणि एकेका जागी नेली. बाबा परत म्हणाले, "पुन्हा." मग परत. गडबडला वाटलं नवीन खेळ आहे, ती उताणीच पडली, चारी पाय वर.

तेव्हापासून रोज सकाळी, धारांच्या आधी. गाई हंबरतायत, घाई बाहेर हॉर्न मारतोय, काही होवो. बाबा बसणार, गडबड उताणी, आणि बोटं फिरणार. बोलायचं नाही तेवढ्या वेळात. आम्ही दोघी कामाचं निमित्त करून जवळपास. आई तीच बादली पुन्हा पुन्हा विसळायची. बाबांनी शेवटचं गुडघ्यापाठीमागून हात काढला आणि तिच्या पोटावर थाप मारली की आम्ही श्वास सोडायचो. मग शीळ, आणि ती धुक्यात गायब. पुढचा दिवस मिळाला. असं चाललंय.

तर परवाचं ऐका. परवा बाबांचा हात थांबला.

काखेत. बोट पुढे गेलं, मागे आलं, आणि तिथंच थांबलं. मी बघत होते त्यांच्याकडे. तोंडावरचा रंग असा उतरला, जसं कोणी पुसून काढलं. त्यांनी परत दाबलं. परत.

"काय?" आई म्हणाली.

बाबांनी तिचा पाय आणखी वर धरला.

"अहो, काय?"

"आहे," ते म्हणाले. "वाटाण्याएवढी आहे."

आईच्या हातातली बादली खाली टेकली, ती सोडली का पडली मला सांगता येणार नाही. मी गुडघ्यावर बसले. गडबड आपली उताणी, जीभ बाहेर, आमच्या तिघांची तोंडं बघतेय. बाबांचं बोट तिथून सुटेना, म्हणून केस मी बाजूला केले. ओले केस, चिकटलेले. एकेक बट बाजूला केली. आत राखाडी, फुगलेलं, गुळगुळीत काहीतरी. आणि त्याच्या कडेला काहीतरी हललं.

"बाबा," मी म्हटलं. "बाबा, ह्याला पाय आहेत."

"काय?"

"पाय आहेत! गोचीड आहे! गोचीड आहे बाबा!"

आई धाडकन खाली बसली आणि गोचिडीला अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या, की मी इथं सांगू शकत नाही. बाबांना पटेना. मला ती काढायला लावली, तळहातावर घेतली, उजेडात दारापाशी गेले. गोचीड दिसली की चिरडायची, एवढंच माहीत ह्या माणसाला, जन्म गेला त्यांचा गोचिडी चिरडण्यात. त्यांनी ती नुसती धरून ठेवली.

"हलतात ना पाय?" मला विचारलं.

"हलतात."

"तू बघ," आईला म्हणाले.

"बघितलं हो. हलतात."

गडबडला आता धीर धरवेना. ती उठली, अंग झाडलं, आणि शिळेची वाट न बघता कुरणाकडे पळाली. बाहेर घाईचा हॉर्न चालूच होता. बाबा दारात उकिडवे बसले, तळहात डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाले, "पुन्हा एकदा बघ गं. नीट बघ. खरंच हलतात ना?"