पाणी डोंगर चढलं तेव्हा

भाच्याने बटण दाबलं आणि पडद्यावरचं पाणी डोंगर चढू लागलं.

"वा!" आत्या म्हणाली. "आता पंपांना सुट्टीच द्या."

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत आत्याचा दरारा होता तो फोर्ट्रान या जुन्या संगणकी भाषेतल्या एका प्रोग्राममुळे. कुठल्या टाकीतला गढूळपणा कधी कुठे पोचेल, याची समीकरणं तिने तरुणपणी लिहिलेला तो प्रोग्राम आजवर बिनतक्रार सोडवत आला होता. आता नवं काम सगळं सी भाषेत, आणि ते भाच्याकडे. त्याने सीमधून आत्याच्या प्रोग्रामला बोलवायचं आणि उत्तर घ्यायचं. दोघांचं जमलं नाही, तर साहेब आज चारला जुना प्रोग्राम मोडीत काढणार होते.

सुरुवातीला भाच्याने नुसता आकडा पाठवला, तर प्रोग्राम जागीच आडवा झाला. "अरे, त्याला आकडा नको, आकडा ठेवलाय तिथला पत्ता दे," म्हणून आत्याने ते निस्तरलं. काल चाचणी चोख उतरली. आणि आज खालच्या टाकीतला गढूळपणा वरच्या टाकीत!

"तुझ्या म्हाताऱ्याला चळ लागलाय, आत्या."

"जीभ आवर. काल शहाणा होता ना?"

"काल गणित कुठलं दिलं होतंस?"

"साचलेल्या पाण्याचं. सोपं म्हणून..." आत्या मध्येच थांबली. साचलेल्या पाण्यात इकडून जेवढं तिकडे मिसळतं, तेवढंच तिकडून इकडे. टाक्यांमधल्या या देवाणघेवाणीचं कोष्टक उभं वाचा नाहीतर आडवं, फरक शून्य. वाहत्या पाण्याचं तसं नसतं.

"तू आकडे कसे मांडतोस रे?"

"एकेक आडवी ओळ. सगळं जग तसंच मांडतं."

"फोर्ट्रान उभा रकाना संपवून पुढे जातो. देणारी टाकी घेणारी झाली, बाबा!"

"मग शिकव त्याला आडवं वाचायला."

"या वयात? तूच वाक."

भाचा कुरकुरत वाकला. त्याने आकडे उभे मांडून पाठवले. साहेब दारात आले तेव्हा पाणी निमूटपणे उतारावरून खाली येत होतं.

"काल जमलं होतं म्हणालात. मग आज ही धावपळ कशाला?"

भाच्याने खिडकीबाहेर पाहिलं. आत्या पुढे झाली. "काल मी असा प्रश्न घातला, की ही चूक दिसलीच नसती."

"बरं. प्रोग्राम राहू दे. पण यापुढे चाचण्या हा ठरवेल."

साहेब वळताच भाचा नव्या चाचणीसाठी एक अशी टाकी आखायला लागला, जिचं अर्धं पाणी एकीकडे जातं आणि परत कुठूनच येत नाही.

आत्याने खुर्ची ओढली. "सरक. बघू दे, काय खोडी काढतोयस."