बायकांच्या बाजूचं न्हाणीघर

नगरपालिकेने न्हाणीघर बांधलं तेव्हा त्या वस्तीतल्या एकाही खोलीत नळ नव्हता. पुरुषांची बाजू रस्त्याकडे, बायकांची मागे आणि मध्ये धगधगणारा भलामोठा बंब. थोरली आणि धाकटी, दोघी जावा, लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथेच अंघोळीला जायच्या.

पुढे बापाच्या सुतारकामाच्या दुकानावरून दोघा भावांचं फाटलं. दुकानात भिंत आली, मग घरातही आली. "त्या घराशी बोललीस तर याद राख," असं दोघींनाही आपापल्या नवऱ्याने बजावलं. पण बायकांच्या बाजूला नवरे थोडेच येणार होते! तिथे दोघी एकमेकींची पाठ चोळत, पोटातलं सगळं ओठावर आणत. नवऱ्यांच्या नकला करून इतक्या हसत की बंबवाली ओरडायची, "अगं बायांनो, पाणी निवतंय!"

शहर वाढलं. न्हाणीघर पाडून तिथे गाड्या लावायची इमारत उभी करायचं ठरलं. धाकटी शेजारणींना घेऊन नगरपालिकेच्या साहेबाकडे गेली.

"आता घरोघरी नळ आहेत, बाई. अंघोळीला इमारत कशाला हवी?"

"अंघोळीला नकोच आहे," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. दारातला शिपाई तिच्या नवऱ्याच्या रोजच्या बैठकीतला होता.

आधी पुरुषांची बाजू पाडली. मग मधली भिंत कोसळली तशा बायकांकडच्या निळ्या फरशा भर रस्त्यावर उघड्या पडल्या. येणारेजाणारे बघत उभे राहिले. आपल्याच अंगावरचं कुणी ओढल्यासारखं धाकटीला झालं.

मग दोघी आपापल्या मोरीत अंघोळ करू लागल्या. मोऱ्यांची भिंत एकच. थंडीत थोरलीला खोकला लागला, तो हटेचना. एकदा धाकटीने नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाच्या आडून भिंतीला तोंड लावलं. "ताई, औषध घेतलंस का गं?"

"कोण आहे?" पलीकडून थोरल्या दिरांचा आवाज आला.

ती भिंतीपासून मागे सरली. पुन्हा हाक मारायची हिंमत तिला झाली नाही.

थोरली इस्पितळात गेली ती परत आलीच नाही. तिच्या दारात दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. काही दिवसांनी त्यांनी घरातली भिंतही काढली.

"आता खुशाल जा-ये कर," नवरा म्हणाला.

धाकटी पलीकडे गेली. दिरांना चहा करून दिला. बाहेर दोघे भाऊ दुकानाचं बोलत बसले होते. तिने कप विसळले, ओटा पुसला आणि आपल्या खोलीत निघून आली.